उपचार ज्याच्यावर बेतले, तो रिसेप्टर

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात उगम पावलेली आणि यकृतात पसरलेली न्यूरोएंडोक्राइन गाठ, म्हणजे संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून बनलेली गाठ, असे माझे निदान आहे. या आजारावर मला जे उपचार मिळाले ते कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांहून बरेच वेगळे होते, म्हणून ते जसे घडले तसे लिहून ठेवत आहे. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. एखादे औषध शरीरात जाऊन नेमके काय करते हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि माझ्या डॉक्टरांनी त्या प्रश्नांचा कधी कंटाळा केला नाही. आमच्या बहुतेक प्रश्नोत्तरांत एकच रेणू पुन्हा पुन्हा येत असे, तो म्हणजे सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक ज्याला चिकटते आणि आपला संदेश पेशीत पोचवते, तो पेशीच्या आवरणावर असणारा सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर, आणि त्याच्या पाच उपप्रकारांपैकी दुसरा.

निदानाला फार उशीर झाला, आणि त्याचे कारण लक्षणांतच होते. पन्नाशीच्या सुमारास वर्गात शिकवता शिकवता चेहरा आणि मान एकाएकी तापून लाल होऊ लागली. या वयात बाईने अशी तक्रार केली की रजोनिवृत्तीखेरीज दुसरे काही कुणाच्या मनात येत नाही. मलाही तेच वाटले. पुढे जुलाब सुरू झाले, तेव्हा ते आयबीएसचे, म्हणजे आतड्याच्या चिडचिडेपणाचे, म्हणून ठरले, आणि ताण कमी करा, दूध बंद करा असे सल्ले मिळत गेले. ज्यांनी तपासले त्यांना दोष देण्याचा हेतू नाही, कारण दोन्ही तक्रारी सुट्या पाहिल्या तर दोन्ही निदाने पटण्यासारखीच होती. त्या एकत्र ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या इतकेच. अखेर एका तरुण फिजिशियनने दोन प्रश्न विचारले. चेहरा लाल होतो तेव्हा घाम येतो का, आणि पोटात अन्न नसले तरी जुलाब होतात का? रजोनिवृत्तीच्या झळांमध्ये सहसा घाम फुटतो, माझी त्वचा मात्र कोरडी राहत असे. आणि एकादशीच्या दिवशी पाण्याखेरीज काही घेतले नाही तरी जुलाब थांबत नसत. त्यांनी त्याच दिवशी सोनोग्राफी करायला लावली आणि यकृतात अनेक गाठी दिसल्या.

यकृतातील एका गाठीचा तुकडा सुईने काढून तपासला गेला. पेशी न्यूरोएंडोक्राइन आहेत हे सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या दोन प्रथिनांच्या रंगपरीक्षेवरून ठरले, आणि त्या किती वेगाने विभागत आहेत हे केआय-६७ या निर्देशांकावरून. तीन टक्क्यांहून कमी असेल तर पहिली श्रेणी, तीन ते वीस टक्के दुसरी आणि त्याहून अधिक तिसरी. माझा पाच टक्के होता. शिवाय चोवीस तासांची सगळी लघवी आम्ल घातलेल्या कॅनमध्ये साठवून द्यायची होती, कारण सेरोटोनिन या शरीरातील संदेशवाहक द्रव्यापासून बनणारे एक आम्ल त्यात मोजतात. त्याआधी काही दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड आणि वांगी वर्ज्य होती. या पदार्थांनी तो आकडा खोटा वाढू शकतो हे लॅबच्या छापील सूचनेत नव्हते, डॉक्टरांनी आठवणीने सांगितले म्हणून कळले. ही तपासणी ज्यांना करायची आहे त्यांनी आहाराविषयी आधी स्वतःहून विचारावे.

२०१८ च्या मार्चमध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचे जाहीर केले होते, त्यामुळे हे नाव आमच्या नातेवाइकांनी ऐकलेले होते. परिणाम असा झाला की फोन करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी ‘न्यूरो’ शब्दावरून मेंदूचे ऑपरेशन कधी आहे असे विचारले, आणि उरलेल्यांनी इरफान यांच्या आजारावरून माझ्या आयुष्याचा हिशेब मांडला. या नावाखाली वर्षानुवर्षे संथ वाढणाऱ्या गाठीही येतात आणि काही महिन्यांत पसरणाऱ्याही, हे त्या काळात मी इतक्या वेळा सांगितले की शेवटी माझ्या यजमानांनी फोन घेण्याचे काम स्वतःकडे घेतले.

चेहरा लाल होणे आणि जुलाब यांचा उलगडा सरळ आहे. आतड्याच्या अस्तरात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असतात आणि माझी गाठ त्यांपासून निघालेली आहे. गाठ आतड्यापुरती असते तोवर तिचे सेरोटोनिन आणि इतर द्रव्ये रक्ताबरोबर आधी यकृतात जातात आणि तेथे बव्हंशी निकामी होतात. गाठी यकृतातच रुजल्या की ती द्रव्ये थेट सर्व शरीरात फिरू लागतात. पुढे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही त्यांनी जाड होतात, म्हणून उपचार सुरू होण्याआधी माझा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. सुदैवाने झडपा चांगल्या होत्या.

हे सगळे ऐकल्यावर मी विचारले की ही द्रव्ये बाहेर पडणे थांबवता येईल काय, आणि तेथे सोमॅटोस्टॅटिनचा विषय निघाला. १९७३ साली अमेरिकेतील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजे गिलमँ यांच्या प्रयोगशाळेने मेंढ्यांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून हे न्यूरोपेप्टाइड वेगळे केले. चौदा अमिनो आम्लांची ही साखळी पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक बाहेर पडू देत नाही, एवढेच तेव्हा कळले होते. नंतर ते जठरात, आतड्यात आणि स्वादुपिंडातही सापडले, आणि सर्वत्र त्याचे काम थोडेफार सारखेच निघाले. इन्सुलिन, ग्लुकागॉन, जठरातील आम्ल, स्वादुपिंडाचा पाचक रस अशा अनेक स्रावांना ते लगाम घालते. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या रिसेप्टरांचे पाच उपप्रकार ओळखले गेले. पेप्टाइड रिसेप्टरला चिकटले की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण घटते आणि पेशीचा स्राव मंदावतो. निरोगी शरीरात हे दिवसभर चाललेले असते आणि त्याची आपल्याला जाणीवही नसते. बर्नचे जाँ-क्लोद रॉयबी आणि इतर संशोधकांनी दाखवून दिले की बहुसंख्य न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवरही हे रिसेप्टर असतात, आणि पुष्कळदा आसपासच्या निरोगी पेशींपेक्षा कितीतरी दाट. बेसुमार स्रवणाऱ्या पेशीने स्वतःला थांबवण्याची सोय मात्र टाकून दिलेली नसते, हे मला त्या सगळ्या माहितीत सर्वांत चमत्कारिक वाटले, आणि आजही वाटते.

नैसर्गिक सोमॅटोस्टॅटिन औषध म्हणून निरुपयोगी आहे, कारण रक्तात ते दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी बाझेल येथील सँडोज कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्यातील कामाचा भाग तेवढा ठेवून आठ अमिनो आम्लांचे ऑक्ट्रिओटाइड बनवले. त्यातील काही अमिनो आम्ले आरशातील प्रतिमेसारखी उलट्या ठेवणीची असल्याने विकरांना ते सहज तोडता येत नाही आणि ते सुमारे दीड तास टिकते. ते मुख्यतः दुसऱ्या उपप्रकाराच्या रिसेप्टरला चिकटते. हेच औषध अ‍ॅक्रोमेगली या आजारात वाढीचे संप्रेरक आवरण्यासाठी आणि यकृताच्या रुग्णांना अन्ननलिकेतून रक्तस्राव झाला तर तो थांबवण्यासाठीही वापरतात. मला आधी कातडीखाली छोट्या मात्रा देऊन ते सोसते का हे पाहिले, आणि मग दर चार आठवड्यांनी घ्यायचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन सुरू झाले.

या इंजेक्शनविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ते देण्याची पद्धत सगळीकडे सारखी पाळली जात नाही. औषध सूक्ष्म गोळ्यांच्या भुकटीत असते आणि फ्रिजमध्ये ठेवलेले असते. ते अर्धा ते एक तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे लागते, द्रावण घातल्यावर भुकटी पूर्ण भिजेपर्यंत थांबावे लागते, आणि मग वेळ न घालवता नितंबाच्या स्नायूत खोलवर द्यावे लागते. उशीर झाला तर भुकटी खाली बसते आणि सुई तुंबते. गावाजवळच्या एका दवाखान्यात ते फ्रिजमधून काढून लगेच कालवले गेले आणि सुई अडकून त्या महागड्या औषधाचा काही भाग वाया गेला. तेव्हापासून मी औषध बर्फाच्या डब्यात नेते, वेळेआधी जाते आणि ते बाहेर काढून ठेवायला स्वतः सांगते.

चेहरा लाल होणे थोड्याच दिवसांत थांबले आणि जुलाबही पुष्कळ कमी झाले. मात्र जे औषध गाठीच्या स्रावाला आवरते तेच स्वादुपिंडाच्या निरोगी स्रावालाही आवरते. शौच तेलकट आणि फिकट होऊ लागली, तेव्हा जेवणाबरोबर पाचक विकरांच्या कॅप्सूल सुरू झाल्या. पित्ताशयाचे आकुंचन मंदावल्याने पित्ताचे खडे होऊ शकतात म्हणून वरचेवर सोनोग्राफी होते, आणि रक्तातील साखरही पाहतात. या औषधाचा उपयोग केवळ लक्षणांपुरता आहे असे पूर्वी मानत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रोमिड या जर्मन चाचणीत ते घेणाऱ्यांच्या गाठी पुन्हा वाढू लागण्यास मध्यक (निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) १४.३ महिने लागले, तर नुसते द्रावण घेणाऱ्यांच्या गाठींना सहा महिने. म्हणजे रिसेप्टरवाटे गाठीची वाढही मंदावते. माझ्या बाबतीतही बराच काळ तसेच झाले. मग एका सीटी स्कॅनमध्ये यकृतातील गाठी वाढलेल्या दिसल्या आणि मुंबईला जावे लागले.

तेथे आधी गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन झाला. ऑक्ट्रिओटाइडच्याच जातीचे एक पेप्टाइड, त्याला जोडलेली धातू धरून ठेवणारी डोटा ही वलयाकार रचना, आणि त्या वलयात गॅलियम-६८ हे किरणोत्सारी समस्थानिक, अशी या द्रव्याची घडण आहे. गॅलियमचे अर्धायु, म्हणजे ते निम्मे उरण्यास लागणारा काळ, ६८ मिनिटे असल्याने ते दुरून मागवण्यात अर्थ नसतो. विभागातच एक जनरेटर असतो. त्याच्या स्तंभात सुमारे २७१ दिवसांचे अर्धायु असलेले जर्मेनियम-६८ धरून ठेवलेले असते, त्यातून गॅलियम सतत तयार होते, आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले की फक्त गॅलियम धुऊन बाहेर येते. आयुष्यभर मुलांना स्तंभ वर्णलेखन शिकवल्यानंतर ते आपल्याच शिरेत जाणाऱ्या औषधासाठी चाललेले पाहण्याची मला फार इच्छा होती. त्या खोलीत अर्थातच प्रवेश मिळाला नाही.

हा स्कॅन पुढच्या मासिक इंजेक्शनच्या अगदी अलीकडे ठेवतात, कारण शरीरात औषध भरपूर असेल तर रिसेप्टर आधीच व्यापलेले राहतात. उपाशी राहण्याची गरज नव्हती. शिरेतून द्रव्य दिल्यावर तासभर पाणी पीत एका खोलीत बसायचे, लघवी करून यायचे आणि मग यंत्राखाली अर्ध्या तासाच्या आसपास स्थिर पडायचे, इतकेच. त्रास झाला तो नंतर अहवाल वाचताना. यकृतातील गाठींबरोबर स्वादुपिंडाच्या एका कोपऱ्यातही शोषण दिसते असे त्यात होते, आणि एक रात्र मी तेथेही गाठ आहे असे धरून चालले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चित्र समोर ठेवून समजावले की प्लीहा, मूत्रपिंडे, अधिवृक्क ग्रंथी, पीयूषिका आणि स्वादुपिंडाच्या शीर्षाचा तो कोपरा येथे निरोगी माणसातही शोषण दिसते. प्लीहेत तर ते फार असते, कारण तेथे हा रिसेप्टर स्वभावतःच आहे. त्या चित्रात केवळ आजार दिसत नाही, शरीरात हा रिसेप्टर कोठे कोठे आहे याचा नकाशाच दिसतो, आणि वाचताना निरोगी ठिकाणे आधी वगळावी लागतात.

गाठींमधील शोषणाची तुलना यकृत आणि प्लीहा यांच्याशी करून रॉटरडॅमच्या क्रेनिंग यांच्या नावाने ओळखला जाणारा अंक देतात. यकृताहून अधिक असेल तर तीन, प्लीहेहूनही अधिक असेल तर चार. माझ्या गाठींना चार मिळाले. इतके दाट शोषण पाहून मी घाबरले होते, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान होते. शोषण जेवढे जास्त तेवढे रिसेप्टर जास्त, आणि पुढचा उपचार तेथे पोहोचण्याची खात्री तेवढी अधिक. तीनहून कमी अंक असता तर तो उपचार मला सहसा दिला गेला नसता.

त्या उपचाराला पीआरआरटी (पेप्टाइड रिसेप्टर रेडिओन्यूक्लाइड थेरपी) म्हणतात. पेप्टाइड तेच, वलयही तेच, फक्त गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७. ते बीटा कण सोडते आणि हे कण ऊतीत फार तर दोन मिलिमीटर जातात. पेप्टाइड रिसेप्टरला चिकटले की पेशी दोघांनाही आत ओढून घेते, त्यामुळे ल्युटेशियम पेशीच्या आत अडकून राहते आणि तेथून तिच्या डीएनएवर मारा करते. त्याचे अर्धायु साधारण साडेसहा दिवसांचे आहे. भारतात हे समस्थानिक ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार केले जाते. परदेशी तयार औषधाची किंमत ऐकल्यावर हे ट्रॉम्बेत बनते याचे मोल माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला वेगळे सांगावे लागत नाही.

आधी रक्तपेशी, क्रिएटिनिन आणि मूत्रपिंडांचा डीटीपीए स्कॅन झाला, कारण या उपचाराचा धोका मूत्रपिंडांना आणि अस्थिमज्जेला असतो. मासिक इंजेक्शन महिनाभर आधी थांबवले होते. रिसेप्टर मोकळे राहावेत यासाठी ते आवश्यक होते, पण त्या आठवड्यांत चेहऱ्याची लाली आणि जुलाब परत आले, आणि अंतरिम सोय म्हणून दिवसातून अनेकदा छोटी इंजेक्शने घ्यावी लागली. संपूर्ण उपचारात हाच काळ मला सर्वांत जड गेला. सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करायचा तर स्वच्छतागृहाजवळचा बर्थ मिळेपर्यंत मन थाऱ्यावर नसे.

प्रत्यक्ष उपचाराच्या दिवशी सकाळी आधी लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचे सलाइन लावले. मूत्रपिंडाच्या नलिका गाळलेले पेप्टाइड पुन्हा शोषून घेतात आणि त्याबरोबर किरणोत्सारही तेथे साठतो. ही धनभारित अमिनो आम्ले त्या वाटेवर गर्दी करतात आणि पेप्टाइड लघवीवाटे निघून जाते. हे सलाइन काही तास चालते आणि मळमळ होते ती प्रामुख्याने त्याने, ल्युटेशियमने नव्हे. उलटीचे औषध आधीच दिलेले असूनही मला पोटात ढवळून येत होते. सलाइनचा वेग कमी केल्यावर बरे वाटले. ल्युटेशियम शिशाच्या आवरणातील बाटलीतून अर्ध्या तासात शिरेत गेले. मात्रा ठरलेली असते, ७.४ गिगाबेकरेल, म्हणजे २०० मिलिक्युरी. त्या वेळी फारसे काही जाणवले नाही. किंचित चेहरा तापला, पण तशा प्रसंगासाठी ऑक्ट्रिओटाइडची सिरिंज भरून तयार ठेवलेली होती.

त्यानंतर मी विलगीकरणाच्या खोलीत होते. जेवण दाराशी ठेवले जाई, परिचारिका अंतरावरून बोलत आणि मीटर घेऊन येणारा तंत्रज्ञ ठरावीक अंतरावरून आकडा मोजून लिहून घेई. शरीरात न चिकटलेले द्रव्य पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जाते, म्हणून भरपूर पाणी प्यायचे आणि दर वेळी दोनदा फ्लश करायचे, अशा सूचना भिंतीवर मराठी आणि हिंदीत लावलेल्या होत्या. ल्युटेशियम थोडे गॅमा किरणही सोडते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गॅमा कॅमेऱ्याखाली औषध नेमके कोठे बसले हे पाहता आले. गॅलियमच्या चित्रातील ठिकाणे आणि ही ठिकाणे तंतोतंत जुळली. केमोथेरपीत औषध गाठीपर्यंत पोहोचले की नाही हे असे पाहता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

घरी परतल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत झोपले. मुलगी तेव्हा गरोदर होती, म्हणून तिने तो काळ सासरीच राहावे असे ठरवले. केस गेले नाहीत, याचे भेटायला येणाऱ्यांना इतके नवल वाटे की काहींनी मला खरोखर कर्करोगाचेच औषध दिले का अशी शंका काढली. थकवा मात्र होता, आणि पुढच्या काही आठवड्यांत प्लेटलेट घटल्या. रीतीप्रमाणे दोन महिन्यांच्या अंतराने चार मात्रा देतात. माझ्या बाबतीत प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत एक मात्रा पुढे ढकलावी लागली.

अपेक्षा काय ठेवावी हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते. लहान आतड्यासारख्या मध्य आंत्रभागातील गाठींच्या २२९ रुग्णांवर झालेल्या नेटर-१ चाचणीचे निष्कर्ष २०१७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. त्यात वीस महिन्यांनंतर आजार न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण या उपचाराने सुमारे ६५ टक्के, तर केवळ ऑक्ट्रिओटाइडच्या वाढीव मात्रेने सुमारे ११ टक्के होते. गाठी लक्षणीय आकुंचन पावलेले रुग्ण मात्र १८ टक्केच. म्हणजे गाठी नाहीशा होतील अशी आशा धरायची नाही, त्या जागच्या जागी थांबल्या तर उपचार लागू पडला असे समजायचे. माझ्या गाठींपैकी काही थोड्या लहान झाल्या, बाकीच्या आहेत तशा आहेत, आणि लघवीतील तो आकडा निम्म्याहून खाली आला आहे. अस्थिमज्जेवरील परिणाम थोड्या रुग्णांत वर्षांनंतरही दिसू शकतात, त्यामुळे रक्ततपासणी चालूच राहणार आहे, आणि मासिक इंजेक्शनही.

पुढच्या स्कॅनच्या वेळी गॅलियमबरोबर साखरेचा म्हणजे एफडीजी पेटही करायचा आहे. कालांतराने काही पेशी अधिक आक्रमक होतात, तेव्हा त्या हा रिसेप्टर गमावतात आणि साखर मात्र अधिक ओढू लागतात; अशा गाठी गॅलियमच्या चित्रात फिक्या आणि एफडीजीच्या चित्रात गडद दिसतात. तसे एखादे ठिकाण आढळले तर तेथे केमोथेरपीचा किंवा गोळ्यांचा विचार होईल. सर्व ठिकाणी रिसेप्टर पूर्वीसारखाच दाट असेल, तर आजार पुन्हा वाढल्यास ल्युटेशियमच्या आणखी मात्रा देता येतील, असे डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहून ठेवले आहे.